सबमीटरचा आकडा लिहिण्याआधी सीटी बघा

इमारतींच्या ऊर्जा व्यवस्थापनात पहिलीच नोकरी धरणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. ईपीआय, म्हणजे इमारतीचा दर चौरस मीटरमागचा वर्षाचा वीजवापर, कसा काढतात हे तुम्हाला येतं असं धरते. 2017 चा ईसीबीसी (इमारतींसाठीचा ऊर्जा बचतीचा कोड), 2022 ची ऊर्जा संवर्धन कायद्यातली दुरुस्ती, 2024 चा नवा कोड, असे नियम आवळत चालले आहेत आणि 100 किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या निवासी इमारतीही त्यांच्या कक्षेत आल्या आहेत. काम भरपूर आहे. पण ज्या आकड्यांवर हे सगळं उभं राहतं, ते खरे आहेत का हे कुणी बघत नाही.

मी रुजू झाले तेव्हा मेन मीटर आणि आतल्या एकेका यंत्रणेवरच्या सबमीटरांची बेरीज यांचा मेळच बसत नव्हता. ज्याला विचारावं तो ‘लॉसेस असतात हो’ म्हणून मोकळा. इमारतीच्या आतल्या केबलमध्ये एवढी वीज जात नसते, हे मला कळत होतं. पण नवख्या माणसाचा तोंड उघडायचा धीर होत नाही. रात्र रात्र एक्सेलचे रकाने तपासले. एक्सेलमध्ये काहीच चुकलेलं नव्हतं.

उत्तर चिलरच्या, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राच्या, पॅनलमध्ये होतं. सीटी म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, केबलमधला मोठा करंट मीटरला झेपेल इतका लहान करून देणारा. त्या सीटीच्या अंगावर 800/5 छापलेलं, मीटरच्या सेटिंगमध्ये मात्र 400/5. कंत्राटदाराने सीटी बदलली आणि सेटिंग तसंच सोडून दिलं. केबलमधून 800 अँपिअर गेले की सीटी मीटरला 5 देते, आणि मीटर त्या 5 ला 400 समजतो. म्हणजे चिलरचा वापर कायम निम्माच नोंदला जात होता. तो कमी दिसतो म्हणून सगळा पैसा दिवे बदलण्यावर गेला होता!

दुसरा प्रकार उलट्या सीटीचा. तीनपैकी एक उलटी बसली की त्या फेजची वीज बेरजेतून वजा होते आणि तिन्ही फेजवर सारखा भार असेल तर नोंद एक-तृतीयांशावर येते.

तपासायचं असं. भार स्थिर असताना टाँग टेस्टरने (केबलभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा) तिन्ही फेजचा करंट घ्या आणि मीटरवरच्या करंटशी ताडून बघा. मग किलोवॅट हाताने काढा. 415 व्होल्ट, 200 अँपिअर, पॉवर फॅक्टर 0.95 असेल तर सुमारे 137 यायला हवेत. करंट आणि किलोवॅट दोन्ही निम्मे दिसले तर सीटीचा रेशो (800/5 सारखं प्रमाण) मीटरमध्ये चुकला आहे. करंट जुळतो पण किलोवॅट 45 च्या आसपास, तर एक सीटी उलटी आहे. हे प्रत्येक मीटरवर करा, ‘नवीन आहे’ म्हणून एकही सोडू नका.

इलेक्ट्रिशियन सोबत असल्याशिवाय पॅनल उघडू नका. चालू भारावर सीटीची सेकंडरी, म्हणजे मीटरकडे जाणारी बाजू, कधीही उघडी करू नका. तिथे जीवघेणा व्होल्टेज तयार होतो. आधी शॉर्टिंग लिंक (सेकंडरीची दोन टोकं जोडणारी पट्टी) लावून घ्यावी लागते.

घाबरून जाऊ नका. मी मेकॅनिकलची, तरी जमलं. गुरू हवा असेल तर त्या इमारतीत वर्षानुवर्षं रात्रपाळी केलेला इलेक्ट्रिशियन धरा. कुठली केबल कुठे जाते हे ड्रॉइंगपेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं. आणि पहिल्या वर्षी डॅशबोर्ड विकत घेऊ नका, हे माझं ठाम मत आहे. चुकीचा आकडा मोबाइलवर दिसला म्हणून बरोबर होत नाही.

बाकीचं सोपं आहे. उच्चदाब ग्राहकांना महावितरण एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टर धरून मोजलेल्या युनिटवर) आकारणी करतं, ईपीआयला मात्र केडब्ल्यूएच, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेली युनिट, लागतात. बिलातला रकाना नीट बघा. बीईईच्या (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) स्टार रेटिंगसाठी डीजीची, म्हणजे डिझेल जनरेटरची, युनिट मिळवायची, छतावरच्या सोलरची नाही. क्षेत्रफळातून पार्किंग वगळा. चौरस फुटांचे चौरस मीटर करताना 10.764 ने भागा.

चूक सापडली की सेटिंग बदलण्याआधी मीटरच्या पडद्याचा आणि सीटीवरच्या छापील आकड्याचा फोटो काढा. जुना रेशो, नवा रेशो, तारीख लिहून ठेवा. जुने आकडे खोडू नका, शेजारच्या रकान्यात दुरुस्त आकडे लिहा आणि बेसलाइन, म्हणजे पुढची तुलना ज्याच्याशी करायची तो मूळ वापर, त्यांवरून नव्याने काढा. नाहीतर पुढच्या अहवालात चिलरचा वापर एकाएकी दुप्पट झालेला दिसेल आणि त्याचा जाब तुम्हाला विचारला जाईल.