लिटल लीगच्या (लहान मुलांच्या बेसबॉलच्या) मॅचला आपण क्रिकेटवाले आईबाप या चुका करतो, त्या टाळा

मागच्या सीझनला लेक पिचिंग (म्हणजे आपली बोलिंग) करत होता आणि त्याचा एक बॉल समोरच्या पोराच्या बोटांवर बसला, बोटं बॅटच्या दांड्यावरच होती. मी जाळीबाहेरून जोरात, "फाउल आहे, बॅटलाच लागला!" अंपायरने मास्क वर करून माझ्याकडे बघितलं आणि त्या पोराला फर्स्ट बेसला, म्हणजे धावताना गाठायच्या पहिल्या ठिकाणी, फुकट पाठवलं. गाडीत बसल्यावर लेक म्हणाला, बाबा, ते क्रिकेट नाहीये.

खरंच नाहीये. बॅट धरलेला ग्लव्ह म्हणजे बॅट हे आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलंय, बेसबॉलमध्ये मात्र हात म्हणजे हातच. बॉल हाताला लागला की डेड, बेस फुकट. पोराने स्विंग केला असेल किंवा बॉल स्ट्राइक झोनमध्ये असेल तर मात्र स्ट्राइक, म्हणजे बॅटरची एक संधी गेली.

दुसरी सवय जास्त महागात पडते. बॉल हवेत उंच गेला की आपण लगेच "पळ पळ!" कारण क्रिकेटमध्ये कॅच झाला की बॉल डेड, पळणाऱ्याचं काही जात नाही. बेसबॉलमध्ये बॉल चालूच असतो, कॅच झाला आणि पोरगं परत बेसला पोचायच्या आधी बॉल तिथे पोचला की तोही आऊट, म्हणजे एका बॉलमध्ये दोन. दोनपेक्षा कमी आऊट असतील तर बेसजवळ थांबायचं, फिल्डरचा बॉलला पहिला स्पर्श झाला की मग हवं तर निघायचं. दोन आऊट झालेत? मग खुशाल पळ, तिसऱ्या आऊटला डाव संपतोच.

आता सगळ्यात जास्त भांडणं होतात तो इनफिल्ड फ्लाय. फर्स्ट आणि सेकंडवर पोरं आहेत (किंवा तिन्ही बेस भरलेत), दोनपेक्षा कमी आऊट, आणि इनफिल्डरला (बेसजवळच्या फिल्डरला) आरामात पकडता येईल असा उंच बॉल उडाला. अंपायर बॉल हवेत असतानाच बॅटरला आऊट देतो, मग बॉल हातातून सुटला तरी आऊटच. अन्याय वाटतो, पण नियम उलट बॅटिंगवाल्यांसाठीच आहे हो. नाहीतर फिल्डर मुद्दाम बॉल पाडेल, बेसला चिकटून थांबलेल्या पोरांना अचानक पुढे पळावं लागून ती अडकतील आणि आरामात दोन आऊट मिळतील. बंटला (बॅट न फिरवता हळूच टेकवलेल्या बॉलला) आणि सपाट जाणाऱ्या लाइन ड्राइव्हला हा नियम लागत नाही.

बाकी किरकोळ. रेषेवर पडलेला बॉल फेअर, क्रीजच्या रेषेवरची बॅट आऊट तसं इथे नाही. फिल्डरचे पाय कुठे होते ते बघायचं नाही, बॉल कुठे होता ते बघायचं. टीव्हीवर मेजर लीग बघून पोराला बेस सोडून पुढे उभं राहायला शिकवू नका, 12 वर्षांपर्यंतच्या नेहमीच्या छोट्या मैदानावर, म्हणजे 60 फुटांच्या बेसवर, पिचरचा बॉल बॅटरपर्यंत पोचल्याशिवाय बेस सोडता येत नाही, आणि पुढच्या बेसला जाताना डोकं पुढे करून स्लाइड मारली की आऊट.

आणि पिच काउंट, म्हणजे लेकाने किती बॉल टाकले, ते स्वतः मोजा, कोचवर सोडू नका. 9-10 वर्षांना दिवसाला 75, 11-12 ला 85. 66 किंवा जास्त झाले की पिचिंगला चार दिवस सुट्टी. मी फोनवर टॅली करतो, 41 झाले की जाळीतून हळूच सांगतो, कारण त्यानंतर पोराला त्या दिवशी कॅचर (आपला विकेटकीपर) म्हणून बसवता येत नाही, आणि एवढं एक ओरडलेलं लेकाला चालतं.