पॉलिमर काँक्रीटचे कॉलम: या चुका टाळा

पॉलिमर काँक्रीटमध्ये सिमेंट नसतं, पाणीही नसतं. खडी-वाळूला धरून ठेवतं ते फक्त रेझिन, म्हणजे रसायन मिसळल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव. सिमेंटच्या सवयींनी काम केलं की कॉलम सुरुवातीला छान दिसतो आणि काही वर्षांनी त्रास देतो.

सगळ्यात जास्त नडते ती ओलसर खडी. सकाळी धुतलेली खडी दुपारी हाताला कोरडी लागते आणि थेट मिक्सरमध्ये जाते. दगडावर पाण्याचा पातळ थर उरलेला असतो, त्यावर रेझिन नीट धरत नाही. ताकद तपासायचे ठोकळे, म्हणजे क्यूब, मात्र प्रयोगशाळेत वाळवलेल्या खडीचे, त्यामुळे अहवाल उत्तम येतो. पुढे कधी कोअर (कॉलमला भोक पाडून काढलेला नळकांडी नमुना) काढला की तो खडीच्या कडेकडेनं तुटतो, दगड स्वच्छ सुटून येतात. तसं दिसलं तर दोष रेझिनच्या कंपनीवर ढकलू नका. १ किलो नमुना १०५ अंश सेल्सिअसवर वजन स्थिर होईपर्यंत तापवा. घट ५ ग्रॅमहून जास्त भरली तर माल परत वाळवा. वाळवलेली खडी झाकणबंद पिंपात थंड करा. गरम खडीमुळे रेझिन मिक्सरमध्येच आवळायला लागतं.

दुसरी चूक हिशेबातली. क्यूब ८० मेगापास्कल (ताणाचं एकक) ताणाला फुटला म्हणून कायमचा ताण ६०पर्यंत नेतात. रेझिन सततच्या भाराखाली हळूहळू दबत राहतं, उन्हात तापणाऱ्या कॉलममध्ये जास्तच. दबलेल्या काँक्रीटचा भार सळयांवर सरकतो. रिंगा (उभ्या सळयांना बाहेरून वेढणाऱ्या आडव्या सळया) एकमेकींपासून लांब असतील तर सळई दोन रिंगांच्या मध्ये बाहेर वाकते आणि कॉलमच्या कोपऱ्यावर उभी भेग येते. ती भेग पुटीनं बुजवणं म्हणजे धोका झाकणं. कायमचा ताण क्यूबच्या ताकदीच्या निम्म्याच्या बराच खाली ठेवा. रिंगांचं अंतर सळईच्या व्यासाच्या १६ पटींपर्यंत चालवतात; इथे १० पटींवर जाऊ नये.

घाईत एपॉक्सी या प्रकारच्या रेझिनला हार्डनर (ते घट्ट करणारं रसायन) वाढवून घालतात. जादा हार्डनर जोडला न जाता आत तसाच राहतो आणि काँक्रीट मऊ पडतं. प्रमाण वजनावरच मोजा.

गंजलेली सळई तशीच घालू नका. सिमेंट अल्कधर्मी असल्यानं सळईला गंजण्यापासून जपतं; तसं संरक्षण इथे नाही.

पॉलिएस्टर रेझिनचं काम असेल तर कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं रसायन) आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, मगच पेरॉक्साइड (घट्ट होणं सुरू करणारं रसायन) घाला. ही दोन थेट एकत्र आली तर स्फोट होऊ शकतो.

क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट पक्कं होताना, पाणी मारू नका.