घरात दहावी-पीयूसीची मुले असताना शहर सोडून गावी जाताय? या चुका टाळा

शहरातल्या गर्दीला कंटाळलेली बेळगावची माणसे दरवर्षी उन्हाळ्यात उचगाव, कडोली, येळ्ळूर, बेळगुंदी या बाजूंना घरे पाहत फिरतात, आणि त्यांतली काही पुढच्याच पावसाळ्यात शहरात परत भाड्याची खोली शोधताना भेटतात. मोठ्यांना गाव बहुधा मानवते. अडते ते वयात आलेल्या मुलांपाशी. घर निवडताना वडिलांची नोकरी मोजली जाते, विहिरीचे पाणी पाहिले जाते, अंगणात आंबा आहे की फणस याचीही चौकशी होते. मुलांचा दिवस सकाळी किती वाजता सुरू होऊन रात्री किती वाजता संपणार, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे मे महिन्यातल्या रविवारी स्वतःच्या गाडीतून अंतर मोजणे. वेंगुर्ला रस्त्यापासून थोडे आत असलेले आमचे गाव शहरातल्या आमच्या टिळकवाडीतल्या घरापासून तेव्हा पंचवीस मिनिटांवर होते, आणि दलालाने 'बस दारात येते' असे सांगितल्यावर आम्ही त्याच दिवशी आगाऊ रक्कम देऊन मोकळे झालो. मुलगी पीयूसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या, पहिल्या वर्षाला होती. कॉलेज आणि त्यानंतरचा शिकवणी वर्ग, दोन्ही शहरात. जुलैमध्ये एका संध्याकाळी धो धो पाऊस लागला, ती सातच्या गाडीत बसल्याचे फोनवर कळले आणि त्यानंतर तिचा फोन लागेना. साडेआठ वाजले तेव्हा मी तिला शोधायला मध्यवर्ती बसस्थानकाकडे निघालो, आणि त्याच वेळी ती आमच्या फाट्यावरच्या बंद चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली उभी होती, कारण रस्त्यावर झाड पडल्याने चालकाने गाडी तिथूनच मागे वळवली होती. अंधारात मी तिच्यासमोरूनच गेलो असणार. गावातल्या दोन मुली तिच्याबरोबर होत्या म्हणून निभावले; त्यांनी एकीच्या मामाला ट्रॅक्टर घेऊन बोलावले आणि ती घरी पोचली, तेव्हा मी स्थानकावर चौकशीच्या खिडकीपाशी भिजत उभा होतो.

दुसऱ्या दिवशी त्या मुलींनी जे सांगितले, ते मी मे महिन्यातच विचारायला हवे होते. मोठा पाऊस असला की गाडी फाट्याच्या आत येत नाही, गावातल्या मुली पावसाळ्यात साडेपाचची गाडी शक्यतो चुकवत नाहीत, आणि ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत महिलांचा प्रवास मोफत झाल्यापासून सकाळच्या गाड्या इतक्या भरून येतात की मधल्या थांब्यावर त्या थांबतीलच असे नाही. माझी सवय तेव्हापासून पक्की झाली आहे: कोणी घर पाहायला बोलावले की मी गाडी घरी ठेवतो, आणि ज्याला रोज जायचे आहे त्या मुलाला, पाठीवर भरलेल्या दप्तरासह, कामाच्या दिवशी बसने नेतो व बसनेच आणतो. असे तीनदा करावे, त्यांतले एकदा पावसात. दलालाला बसची वेळ विचारणे व्यर्थ आहे; थांब्यावर उभ्या असलेल्या गणवेशातल्या पोरांना विचारावे.

बस नीट नाही म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती दुचाकीची किल्ली देणे, हा सगळ्यांचा आवडता सोपा मार्ग. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे. पण मला कायद्यापेक्षा रोप लावणीच्या दिवसांतल्या रस्त्याची धास्ती जास्त वाटते. शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर पसरला की जाणती माणसेही घसरतात.

दुसरी मोठी चूक म्हणजे आठवी-नववीनंतर घाईघाईने माध्यम बदलणे. घर गावात, तर शाळाही गावातलीच, असा हिशेब करून इंग्रजी माध्यमातला मुलगा नववीत गावच्या मराठी हायस्कूलमध्ये घातलेला मी पाहिला आहे. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, ६२५ गुणांपैकी १२५ गुण प्रथम भाषेचे असतात, आणि ती भाषाच इंग्रजीची मराठी झाली. गणित-विज्ञानाचे सगळे शब्द नवे झाले. दोन वर्षांत ते कसेबसे अंगवळणी पडतात तोच पीयूसीचे विज्ञान पुन्हा इंग्रजीतून समोर आले. मी स्वतः दहावीपर्यंत मराठीतून शिकलो आहे आणि त्याचा मला अभिमान आहे, परंतु मराठी माध्यम पहिलीपासून धरायचे असते, घरभाडे वाचवण्यासाठी नववीत नव्हे. मूल आठवीच्या पुढे गेले असेल तर शाळा तीच ठेवावी, किंवा एसएसएलसीची परीक्षा होईपर्यंत शहरातच राहावे. एक वर्ष थांबण्याने कोणाचे घर पळून जात नाही, हे उतावीळ पालकांना पटवणे मात्र कठीण.

स्वस्त जागेच्या मोहाने शिनोळी किंवा तुडयेकडे पाहणाऱ्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की अंतर थोडे असले तरी ती गावे चंदगड तालुक्यातली, म्हणजे महाराष्ट्रातली आहेत. मुलाची शाळाही तिकडे हलवली तर परीक्षा मंडळ बदलते. कर्नाटकात सीईटी या प्रवेश परीक्षेतून सरकारी कोट्यातल्या जागा मिळवण्याचा नेहमीचा मार्ग राज्यात किमान सात वर्षे शिकलेल्यांसाठी आहे, त्यामुळे ही वर्षे आधी मोजावीत.

मोबाईलची रेंज अंगणात नव्हे, मूल जिथे अभ्यासाला बसणार त्या खोलीत, दार लावून पाहावी.

इन्व्हर्टर पावसाळ्याआधी बसवावा. वीज गेल्यावर हेस्कॉम या वीज कंपनीला फोन करून परीक्षा पुढे जात नाही.

मुलाला गावात मित्र मिळावेत म्हणून त्याला ओढूनताणून मंडळात पाठवू नये. आमचा मुलगा आठ महिने कोणाशी बोलला नाही आणि मग आपणहून तालमीत जाऊ लागला. गाव यात्रेआधी वार पाळत असेल, म्हणजे ठरावीक वारी कामे बंद ठेवत असेल, तर तेवढे दिवस तुम्हीही पाळा. शहरातून आलेल्यांचे अशा वेळचे वागणे गाव बारकाईने पाहत असते आणि त्याचा हिशेब वर्गात मुलाला द्यावा लागतो.

आणि शहरातले घर लगेच विकू नये. गावात अकरा महिन्यांच्या लेखी करारावर राहावे, एक पूर्ण पावसाळा आणि एक वार्षिक परीक्षा तिथून काढावी. आम्ही टिळकवाडीतली जागा दुसऱ्या दिवाळीनंतर विकली, तीही मुलीने 'आता चालेल' असे म्हटल्यावर.