एचआरव्हीवरून मनाचा अंदाज बांधताय? मोजताना आणि वाचताना होणाऱ्या या चुका टाळा

काल एचआरव्हीचा आकडा ४१ होता, आज २८. मित्राने ग्रुपवर ७० चा स्क्रीनशॉट टाकलाय आणि ॲप लाल रंगात ‘ताण जास्त’ म्हणतंय. अशा सकाळी बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: माझ्या मनाचं काही बिनसलंय का? बऱ्याचदा उत्तर साधं असतं. पट्टा सैल होता, रात्रीचं जेवण साडेअकराला झालं होतं, किंवा दोघांची घड्याळं मुळात वेगवेगळ्या गोष्टी मोजत होती. मनाबद्दल काही म्हणायचं ते या शक्यता बाजूला काढल्यानंतर.

नाडी मिनिटाला ६० असली तरी ठोके बरोब्बर एकेका सेकंदाने पडत नाहीत. एक अंतर ९४० मिलिसेकंदांचं, पुढचं १,०३०, त्यापुढचं ९८० असं चालतं. हा चढउतार म्हणजेच हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, एचआरव्ही. मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस ही मज्जातंतूची नस हृदयाला आवर घालते आणि तिचा परिणाम जवळपास पुढच्याच ठोक्यावर दिसतो. हृदयाचा वेग वाढवणाऱ्या सिम्पथेटिक यंत्रणेला मात्र काही सेकंद लागतात. म्हणून लागोपाठच्या ठोक्यांमधला फरक हा मुख्यतः व्हेगसच्या कामाचा मागोवा ठरतो. भावनांना आवर घालणारे मेंदूच्या पुढच्या भागातले काही दुवे या नियंत्रणाशी जोडलेले आहेत. थेअर आणि लेन या संशोधकांनी २००० साली मांडलेलं प्रारूप याच धाग्यावर उभं आहे. नैराश्य किंवा चिंतेचा विकार असलेल्या लोकांच्या गटाची सरासरी निरोगी गटापेक्षा कमी येते, हेही अनेक अभ्यासांत दिसलंय. पण हा फरक लहान आहे आणि दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत भरपूर मिसळलेले असतात. एका माणसाच्या एका सकाळच्या आकड्यावरून निदान करणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं.

वेगळी मापं एकमेकांशी ताडून पाहणं

ॲपल वॉचच्या हेल्थ ॲपमध्ये दिसतो तो एसडीएनएन, म्हणजे मोजणीच्या काळातल्या सगळ्या अंतरांचं प्रमाण विचलन, ती सरासरीच्या दोन्ही बाजूंना किती पसरलीत त्याचं माप. गार्मिन, फिटबिट आणि औराची अंगठी हे आरएमएसएसडी देतात, म्हणजे शेजारशेजारच्या अंतरांमधल्या फरकांवरून काढलेलं माप. दोन्हींचं एकक मिलिसेकंदच, त्यामुळे फसायला होतं. शिवाय औरा रात्रभराची सरासरी दाखवते, तर ॲपल वॉच दिवसभरात अधूनमधून छोटे नमुने घेतं. नवराबायकोच्या हातात दोन कंपन्यांची घड्याळं असतील तर कुणाचा आकडा चांगला या वादाला काही अर्थ नाही. एकाच कंपनीची असली तरी फारसा नाही, कारण वयानुसार एचआरव्ही घटते आणि एकाच वयाच्या दोन ठणठणीत माणसांतही दुपटी-तिपटीचा फरक असू शकतो.

याहून वाईट गोंधळ ५० आणि १०० या सीमारेषांचा. ‘५० खाली धोका, १०० वर निरोगी’ असा तक्ता इंटरनेटवर सर्रास फिरतो. या सीमा आल्या हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांच्या अभ्यासांतून, तेही २४ तासांच्या होल्टर (दिवसभर अंगावर बाळगायचं ईसीजी यंत्र) मोजणीतल्या एसडीएनएनच्या. एसडीएनएन मोजणी जितकी लांब तितका वाढतो, कारण दिवसरात्रीतला नाडीचा सगळा चढउतार त्यात जमा होतो. युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी १९९६ साली एचआरव्हीचे जे संयुक्त मानक ठरवले, त्यांतही पाच मिनिटांची मोजणी आणि २४ तासांची मोजणी वेगळ्या ठेवल्या आहेत. मनगटावरच्या मिनिटभराच्या ३५ ला होल्टरची पट्टी लावून घाबरू नका.

एका चुकार ठोक्याने बिघडणारा हिशेब

अचानक फार वाढलेल्या आकड्याकडे संशयाने बघायला हवं, आणि नेमकं तिथेच लोक खूश होतात. सहा अंतरं घेऊ: ८५०, ८७०, ८४०, ८६५, ८५०, ८७५. शेजारच्यांतले फरक २०, ३०, २५, १५, २५. त्यांचे वर्ग करून सरासरी काढली आणि वर्गमूळ घेतलं की आरएमएसएसडी येतो जेमतेम २४. आता यात एक ठोका वेळेआधी पडला आणि त्याच्यामागून नेहमीची लांब विश्रांती आली असं धरा: ८५०, ८७०, ५२०, ११९०, ८५०, ८७५. तोच हिशेब आता ३७१ वर जातो. मिनिटभराच्या सत्तर अंतरांत मिसळला तरी हा एकटा ठोका २४ चा आकडा शंभरापलीकडे नेतो. असे अवेळी ठोके निरोगी माणसालाही अधूनमधून पडतात. मात्र त्यांच्यामुळे फुगलेला आकडा ‘आज मन किती शांत’ याची पावती नसते. हात हलल्याने सेन्सरचा एखादा ठोका हुकला तरी परिणाम हाच.

त्यामुळे मोजणारं ॲप चुकीचे ठोके गाळतं का आणि किती टक्के गाळले ते दाखवतं का, हे आधी पाहा. मिनिटभराच्या मोजणीत मोठा हिस्सा गाळला गेला असेल तर ती मोजणी फेकून पुन्हा घ्या. एट्रियल फिब्रिलेशन असेल तर ठोक्यांची लयच विस्कटलेली असते आणि एचआरव्ही भरमसाट दिसते. तिथे या आकड्याचा भावनांशी संबंध जोडूच नये.

छातीचा पट्टा घड्याळापेक्षा नेमका, पण कोरडा लावला तर तोही वेडंवाकडं दाखवतो. इलेक्ट्रोडचा भाग पाण्याने नीट ओला करा, पट्टा छातीच्या हाडाखाली घट्ट बसवा आणि मोजणी सुरू करण्याआधी मिनिटभर थांबा. विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात किंवा एसीच्या खोलीत वरून सिंथेटिक टी-शर्ट असेल तर स्थिर विजेचा गोंगाट येतो, सुती बनियन घाला. जुना पट्टा अचानक चक्रम आकडे द्यायला लागला तर आधी बॅटरी बदला, मग कापडी पट्टा. सेन्सर सहसा शेवटी खराब होतो.

घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर हवं आणि हलवलं तर त्वचाही सोबत हलावी इतपत घट्ट. टॅटूच्या शाईवरून प्रकाशाचं वाचन बिघडतं, तिथे हात बदला. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून मोजत असाल तर बोट गार नको आणि दाब हलकाच ठेवा. जोराने दाबलं की रक्त बाजूला सरतं आणि नाडीची लाट सपाट होते.

श्वास बदलून मोजणं

श्वास आत घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. श्वास सावकाश केला की हा चढउतार तिथल्या तिथे मोठा होतो. आज घाईत मोजलं आणि उद्या प्राणायामाच्या शेवटी, तर तुम्ही दोन दिवसांचा नाही, दोन श्वासांचा फरक मोजला. ॲपल वॉचवर श्वासाचं सत्र चालवून रीडिंग ‘मागवण्याची’ युक्ती बरेच जण वापरतात. त्यात घड्याळच तुम्हाला हळू श्वास घ्यायला लावतं, म्हणून तो आकडा रात्रीच्या किंवा सहज घेतलेल्या आकड्याशी ताडून बघू नका. एक तर दर वेळी तसाच घ्या, नाहीतर घेऊच नका.

काही ॲप्स एलएफ-एचएफ असं गुणोत्तर देऊन त्याला ‘ताणाचा समतोल’ म्हणतात. एलएफ म्हणजे ठोक्यांतले संथ चढउतार, ०.०४ ते ०.१५ हर्ट्झचे (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा). एचएफ म्हणजे जलद चढउतार, ०.१५ ते ०.४ हर्ट्झचे. आता मिनिटाला सहा श्वास म्हणजे ०.१ हर्ट्झ. श्वासाचा सगळा प्रभाव एचएफमधून उठून एलएफमध्ये जाऊन बसतो आणि शांत बसलेल्या माणसाचं गुणोत्तर ‘भयंकर ताण’ दाखवतं! या गुणोत्तरावर संशोधकांनीच भरपूर टीका केली आहे. ॲपमध्ये ते दिसलं तर खुशाल दुर्लक्ष करा.

कधी, कसं बसून

सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन या, चहा-कॉफीच्या आधी, फोनवरचे मेसेज उघडण्याच्याही आधी. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून दोन मिनिटं नुसतं बसा. मग एक ते तीन मिनिटं मोजा. या वेळात बोलणं, गिळणं, खोकणं नको आणि श्वास आपसूक येऊ द्या. झोपून मोजायचं तर रोज झोपून. बसून आणि झोपून घेतलेले आकडे एका रांगेत मांडू नका. ज्यांची नाडी मुळातच फार संथ आहे, उदाहरणार्थ लांब पल्ल्याचे धावपटू, त्यांना बसून घेतलेलं रीडिंग जास्त उपयोगी पडतं. झोपून घेतलं तर व्हेगसचा जोर एवढा असतो की बदल दिसेनासे होतात.

रात्रभराची मोजणी घड्याळावर सोडली असेल तर यातलं काही करावं लागत नाही. फक्त रोज घालून झोपा. गार्मिनला तुमची नेहमीची पातळी ठरवायलाच तीन आठवड्यांच्या आसपास रात्री लागतात. मधल्या चार रात्री चार्जिंगवर गेल्या की आलेख लंगडा होतो.

कमी आकडा म्हणजे मन खराब, असं धरून चालणं

एचआरव्ही शरीरावरचा एकूण भार सांगते. भार कशाचा, हे सांगत नाही. मुलीच्या लग्नाच्या आदल्या रात्रीची धांदल आणि नोकरी जाण्याची धास्ती, दोन्हींचा आलेख सारखाच दिसू शकतो. त्यामुळे आकड्याच्या शेजारी तो दिवस कसा होता याची नोंद नसेल तर तो आकडा मुका आहे.

आकडा घसरला की आधी शारीरिक कारणं तपासा. रात्रीचं मद्य हे नेहमीचं कारण, दोन पेगांनीही रात्रीची नाडी चढते आणि एचआरव्ही पडते. उशिराचं जड जेवण, अपुरी झोप, आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम, उष्म्यात कमी पडलेलं पाणी, येऊ घातलेला ताप, घेतलेली लस, यांतलं काहीही पुरतं. मासिक पाळीच्या उत्तरार्धात, म्हणजे बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंत, बऱ्याच स्त्रियांचा आकडा पूर्वार्धापेक्षा खाली असतो. त्यांनी या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी करावी. औषधांचंही पाहा: ॲमिट्रिप्टिलिनसारखी जुन्या गटातली नैराश्यावरची औषधं एचआरव्ही कमी करतात, रक्तदाब-हृदयासाठी दिली जाणारी बीटा ब्लॉकर ती वाढवू शकतात. माणसाला औषधाने बरं वाटत असताना आकडा खाली गेला म्हणून गोळी बंद करणं ही यातली सगळ्यांत महागात पडणारी चूक. जुना मधुमेह असेल आणि आकडा कायमच अगदी कमी राहत असेल, तर मनापेक्षा नसांवर झालेल्या परिणामाच्या शक्यतेबद्दल डॉक्टरांशी बोला.

एक झटपट पडताळणी कामाची आहे: एचआरव्ही एकटी बघू नका, शेजारी विश्रांतीची नाडी ठेवा. नाडी नेहमीपेक्षा पाच-सात ठोके वर आणि एचआरव्ही खाली असेल तर भार खरा आहे, कारण शोधा. नाडी तीच आणि एचआरव्ही अचानक दुप्पट, तर पट्टा किंवा चुकार ठोके तपासा. नाडी तीच आणि एचआरव्ही एका दिवसापुरती जराशी खाली, तर काहीच करू नका.

रोजच्या आकड्यावर दिवस ठरवणं

रोजचा आरएमएसएसडी वीस-पंचवीस टक्क्यांनी इकडेतिकडे होणं नेहमीचंच. कामाची असते ती सात दिवसांची सरासरी. मागच्या महिन्याभराची सरासरी ३८ आणि रोजचं विचलन ६ असेल, तर त्याच्या निम्मं, म्हणजे ३, दोन्हीकडे सोडा. सात दिवसांची सरासरी ३५ ते ४१ मध्ये असेपर्यंत तुमचं नेहमीचंच चाललंय. ती आठवडाभर ३५ च्या खाली राहिली तरच नोंदवही उघडून बघायचं.

आणि नोंदवही लिहायची ती आकडा बघण्याआधी. मनःस्थितीला एक ते दहा गुण, झोप कशी, काल काय विशेष घडलं, एवढ्या तीन ओळी. आधी लाल आकडा बघितला की माणूस मनःस्थितीला गुण कमीच देतो. काहींना हे आकडे बघूनच धडधड सुरू होते. त्यांनी नोटिफिकेशन बंद करून आठवड्यातून एकदाच, रविवारी, आलेख उघडावा. त्यानेही जीव घाबरत असेल तर घड्याळ महिनाभर कपाटात गेलेलं बरं.

श्वासाचा सराव: जोर लावू नका

मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले की नाडी, रक्तदाब आणि श्वास एका तालात येतात. २००१ साली बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं होतं की रोझरीची (कॅथलिक जपमाळेची) लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम’चा जप, दोन्हींनी श्वास आपोआप या गतीला येतो. प्रत्येकाचा नेमका ताल वेगळा असतो, साधारण साडेचार ते साडेसहाच्या दरम्यान. सुरुवातीला चार सेकंद आत आणि सहा सेकंद बाहेर धरा. दहा मिनिटांनी सुरू करून वीसपर्यंत न्या.

इथली नेहमीची चूक म्हणजे हळू श्वास घेताना तो छाती भरून घेणं. त्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, मग गरगरतं, ओठांना-बोटांना मुंग्या येतात आणि चिंता असलेला माणूस आणखी घाबरतो. श्वास हळू घ्यायचा आहे, खोल नाही. पोट जेमतेम हललं तरी पुरे. मुंग्या आल्याच तर मोजणं सोडा आणि दोन मिनिटं नेहमीसारखा श्वास घ्या. सरावाच्या वेळी ॲपवर उसळणारा आकडा ही त्या क्षणाची करामत असते. सुधारणा झाली का, ते काही आठवड्यांनी सकाळच्या सहज मोजणीवरून आणि त्याहून जास्त तुमच्या झोपेवरून, चिडचिडीवरून पाहा.

मन सतत दोन आठवडे उदास असेल, झोप-भूक उडाली असेल, तर आकडा ७० असला तरी मदत घ्या. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर चोवीस तास चालते. धडधडीसोबत चक्कर, छातीत दुखणं किंवा शुद्ध हरपणं असेल तर तो एचआरव्हीचा विषयच नाही, ताबडतोब दवाखाना गाठा. ठोके चुकल्यासारखे वाटतात एवढीच तक्रार असेल आणि घड्याळात ईसीजीची सोय असेल, तर त्या क्षणी तीस सेकंदांची पट्टी घेऊन तिची पीडीएफ डॉक्टरांना दाखवा. ॲपच्या ‘स्ट्रेस स्कोअर’चा स्क्रीनशॉट त्यांच्या काही कामाचा नसतो.