मेंदूच्या मेटाबॉलिझमचा पेपर वाचायचा कसा: सुरुवात मेथड्सपासून करा

गोवा विद्यापीठात बायोकेमिस्ट्री, झूलॉजी, बायोटेक करणारी बरीच मुलं वाळपई, साखळी, पेडण्याकडची, चौथीपर्यंत मराठीत शिकलेली. सेमिनारला एखाद्या न्यूरोकेमिस्टचा, म्हणजे मेंदूचं रसायनशास्त्र अभ्यासणाऱ्याचा, पेपर वाट्याला आला की ती अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठ करतात, इंट्रोडक्शनचा शब्द नि शब्द डिक्शनरीत बघतात आणि मेथड्स, म्हणजे प्रयोग कसा केला तो भाग, मात्र सरळ सोडून देतात. मला विचाराल तर नेमकं उलट करा, या विषयात खरी गोष्ट मेथड्समध्येच असते.

पण पेपर उघडायच्या आधी एक कोरा कागद घ्या. त्यावर एक न्यूरॉन, म्हणजे संदेश नेणारी पेशी, काढा, त्याला चिकटून तिची देखभाल करणारा एक अ‍ॅस्ट्रोसाइट, आणि अ‍ॅस्ट्रोसाइटच्या पलीकडे रक्तवाहिनी. आता बाण काढत जा. न्यूरॉन ग्लुटामेट सोडतो, हा झाला सिग्नल. ते ग्लुटामेट तिथंच साचलं तर पुढची पेशी सतत उत्तेजित राहते, मरूही शकते, म्हणून अ‍ॅस्ट्रोसाइट ते पटकन आत ओढतो. एका ग्लुटामेटबरोबर तीन सोडियम आत येतात, ते परत बाहेर काढायला सोडियम-पोटॅशियम पंप चालवावा लागतो आणि पंपाला एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, लागतं. आत आलेल्या ग्लुटामेटपैकी काही तिथंच जळतं, बाकीच्याचं ग्लुटामिन सिंथेटेज हे एन्झाइम ग्लुटामिन करतं, त्यातही दरवेळी एक एटीपी खर्च होतं. मग ग्लुटामिन न्यूरॉनकडे जातं आणि तिथं ग्लुटामिनेज त्याचं परत ग्लुटामेट करतं. एवढं चित्र न बघता काढता आलं ना, की सिग्नलिंग आणि मेटाबॉलिझम हे दोन वेगळे चॅप्टर नाहीत हे आपोआप कळतं. वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू आपण स्वस्थ बसलेलो असताना सुद्धा जवळपास २० टक्के ऑक्सिजन का वापरतो त्याचं उत्तर बरंचसं या बाणांमध्ये आहे.

आता मेथड्स. सगळ्यात आधी बघा पेशी कुठली आणि तिला खायला काय दिलंय. कल्चरमधले, म्हणजे डिशमध्ये वाढवलेले, अ‍ॅस्ट्रोसाइट्स आहेत, मेंदूचा स्लाइस आहे, की जिवंत उंदीर, आणि उंदीर असेल तर भूल दिलेला की जागा, कारण भुलेने मेंदूचा ग्लुकोजचा वापर खाली येतो. कल्चर असेल तर मीडियममधलं, म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढवतात त्यातलं, ग्लुकोज शोधाच. हाय ग्लुकोज डीएमईएम या मीडियममध्ये ते २५ मिलिमोलर असतं. त्याला १८ ने गुणा, डेसिलिटरला ४५० मिलिग्राम, म्हणजे आपल्याकडे कोणाच्या शुगर रिपोर्टवर हा आकडा आला तर घरचे लगेच बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात घेऊन धावतील. आणि मेंदूत पेशींच्या बाहेरच्या द्रवात ग्लुकोज साधारण १ ते २ मिलिमोलर एवढंच असतं. इतक्या साखरेत वाढलेल्या पेशींनी भरपूर लॅक्टेट (ग्लुकोज अर्धवट मोडून बनणारं) सोडलं तर तो निकाल खोटा नाही, पण तो त्या डिशमधला आहे, डोक्यातला आहे असं लगेच धरून चालायचं नाही. पेपर वाचताना हे एवढं जरी केलं तरी तुमचं वाचन बदलेल हे मी अगदी मनापासून सांगतो.

मग लेबल, म्हणजे रेणूचा माग काढायला त्यावर लावलेली खूण, बघा, हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. कार्बन-१३ लावलेलं ग्लुकोज दिलं आणि लेबल ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनवर असेल, तर ग्लायकोलिसिसनंतर ते पायरुव्हेटच्या तिसऱ्या कार्बनवर जातं, पुढे क्रेब्ज सायकलमधून ग्लुटामेटच्या चौथ्या कार्बनवर येतं. तेच ग्लुटामेटच्या दुसऱ्या कार्बनवर तिसऱ्यापेक्षा जास्त दिसलं तर वाट पायरुव्हेट कार्बॉक्सिलेजमधून गेलेली असते आणि हे एन्झाइम मुख्यतः अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये असतं. ग्लुकोजऐवजी अ‍ॅसिटेट दिलं असेल तर लक्षात ठेवा, मेंदूत अ‍ॅसिटेट प्रामुख्याने अ‍ॅस्ट्रोसाइट उचलतात, त्यामुळे तिथं ग्लुटामिनवर लेबल जास्त दिसतं. पेन्सिल घेऊन एकाच कार्बनच्या मागे शेवटपर्यंत जा, मध्ये दुसऱ्याकडे बघू नका. लेबल कुठल्या कार्बनवर आहे ते दाखवणाऱ्या एनएमआर तंत्राचा टेबल जो आधी नुसत्या आकड्यांचा गठ्ठा वाटतो तो मग वाचता येतो.

टू-डीऑक्सिग्लुकोज हा ग्लुकोजसारखा रेणू वापरला असेल तर ती लुई सोकोलॉफ यांची १९७७ सालची पद्धत. हेक्सोकायनेज त्याला फॉस्फेट लावतं आणि तिथंच ते अडकतं, पुढे जात नाही. म्हणून कुठल्या भागाने किती ग्लुकोज उचललं हे कळतं, पण त्याचं पुढे काय झालं किंवा नक्की कुठल्या पेशीने उचललं हे त्यातून कळत नाही. पेट स्कॅनमध्ये देतात ते एफडीजी हे ग्लुकोजसारखं द्रव्य पण ह्याच तत्त्वावर चालतं.

आणि एक गोष्ट हमखास सुटते, मेंदू थांबवला कसा, म्हणजे त्यातल्या रासायनिक क्रिया जागच्या जागी कशा गोठवल्या. प्राण्याचा जीव गेल्यावर काही सेकंदांतच लॅक्टेट वाढायला लागतं आणि एटीपी झपाट्याने घसरतं. म्हणून फोकस्ड मायक्रोवेव्ह किंवा लिक्विड नायट्रोजन वापरतात. नुसतं "मेंदू काढून घेतला" एवढंच लिहिलेलं असेल तर लॅक्टेटच्या आकड्यापुढे मोठं प्रश्नचिन्ह काढा.

एवढं झालं की मग निष्कर्षाकडे या. १९९४ मध्ये पेलेरिन आणि मॅजिस्ट्रेट्टी यांनी दाखवलं की ग्लुटामेट आत घेताना कल्चरमधले अ‍ॅस्ट्रोसाइट्स जास्त ग्लुकोज वापरतात आणि लॅक्टेट सोडतात, आणि त्यावरून कल्पना मांडली की हे लॅक्टेट न्यूरॉनचं इंधन आहे. त्याआधी १९८८ मध्ये फॉक्स, राइकल आणि सहकाऱ्यांनी माणसांवर मोजलं होतं की डोळ्यांना दृश्य दाखवलं की व्हिज्युअल कॉर्टेक्समध्ये (मेंदूचा बघण्याचा भाग) ग्लुकोजचा वापर ५१ टक्के वाढतो पण ऑक्सिजनचा फक्त ५ टक्के, म्हणजे ते जास्तीचं ग्लुकोज पूर्ण जळत नसावं, त्यामुळे ही कल्पना बऱ्याच जणांना पटली. पण जेराल्ड डीनेल, लाइफ हर्ट्झ यांच्यासारख्या न्यूरोकेमिस्टनी जोरदार आक्षेप घेतले, की न्यूरॉन स्वतःच ग्लुकोज घेऊ शकतो आणि लॅक्टेट खरंच किती जातं ते आधी मोजून दाखवा. हा वाद अजून मिटलेला नाही, सेमिनारमध्ये तो मिटल्यासारखा सांगू नका, दोन्ही बाजूंचा एकेक पेपर वाचा आणि प्रत्येकाने पेशी कुठली नि ग्लुकोज किती वापरलं ते शेजारी शेजारी लिहा.

पेपर मिळवायचे तर आधी पबमेड सेंट्रल बघा, तिथं फुकट असतात. सरकारी कॉलेज-विद्यापीठांना २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही जर्नल्स वाचायची सरकारी योजना आहे, आपल्या लायब्ररीयनना विचारा. बसायला पणजीत पाटो भागातली सेंट्रल लायब्ररी उत्तम, शांत असते.

वाचून झाल्यावर मैत्रिणीला किंवा रूममेटला आधी मराठीत किंवा कोंकणीत सांगून बघा, जिथं अडखळाल तिथं बाण चुकलाय. युनिट तपासा, माणसाच्या मेंदूचा ग्लुकोजचा वापर १०० ग्रॅममागे मिनिटाला साधारण ३० मायक्रोमोल, तुमचा आकडा शंभरपट कमी-जास्त निघाला तर बहुतेक ग्रॅम आणि १०० ग्रॅमचा घोळ असतो. आणि सेमिनारच्या पहिल्या स्लाइडवर टायटलखाली प्राणी, पेशी, ग्लुकोज, लेबल आणि मेंदू थांबवायची पद्धत एवढं लिहाच, समोरून येणारे निम्मे प्रश्न त्यावरच असतात.