हॅलोवीनच्या रात्री कोणता सिनेमा लावायचा? निवडताना या चुका टाळा

३१ ऑक्टोबरच्या रात्री टीव्हीसमोर सहा वर्षांची धाकटी, बारा वर्षांचा थोरला, त्याचे दोन मित्र आणि घरातली मोठी माणसं अशी सगळी एकत्र बसतात. सिनेमा मात्र थोरल्याला विचारून लावला जातो. वीस मिनिटांत धाकटी आईच्या कुशीत तोंड खुपसते, अर्ध्या तासात सिनेमा बंद होतो आणि थोरला फुरंगटून बसतो. दर वर्षी कित्येक घरांत घडणारा हा प्रकार टाळता येतो. खोलीत सर्वांत लवकर घाबरणारं माणूस कोण, हे आधी ठरवा आणि त्याच्याकडे बघून सिनेमा निवडा. ते माणूस दर वेळी वयानं सर्वांत लहान असतंच असं नाही. बाकीच्यांसाठी दुसरा सिनेमा नंतर लावता येतो.

‘पीजी’ अक्षरं बघून निर्धास्त होणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. अमेरिकेत ‘पीजी’ (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनानं बघावा) आणि ‘आर’ (सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्यांसोबतच बघावा) या प्रमाणपत्रांच्या मधली ‘पीजी-१३’ (तेरा वर्षांखालच्यांसाठी पालकांनी जास्त सावध राहावं) ही पायरी १ जुलै १९८४ रोजी आली. त्याआधीच्या सिनेमांना मधली जागाच नव्हती, त्यामुळे बऱ्यापैकी भयंकर सिनेमेही ‘पीजी’मध्ये बसले. ‘पोल्टरगाइस्ट’ (१९८२) हे ठळक उदाहरण. त्यात एक माणूस आरशासमोर उभा राहून स्वतःच्याच चेहऱ्याचे लचके ओढून काढतो, आणि प्रमाणपत्र ‘पीजी’! ‘ग्रेमलिन्स’ (१९८४) तर ही नवी पायरी आणायला कारणीभूत ठरलेल्या सिनेमांपैकी एक. पोस्टरवरचं गोंडस केसाळ पिल्लू बघून तो लहानांना लावला जातो आणि मग स्वयंपाकघरातला तो प्रसंग येतो, ज्यात मिक्सर आणि मायक्रोवेव्ह हीच हत्यारं होतात. शिवाय त्यातली एक व्यक्तिरेखा सांताक्लॉज नसतोच, हे सरळ बोलून टाकते. डिसेंबरात सांताची वाट पाहणारं मूल घरात असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं.

म्हणून नियम असा धरा: जुलै १९८४च्या आधीचा ‘पीजी’ म्हणजे आजचा ‘पीजी-१३’. नंतरच्यांतही अपवाद आहेत. ‘बीटलज्यूस’ (१९८८) ‘पीजी’ आहे, पण त्यात एक ठणठणीत शिवी आहे आणि आत्महत्येचे उल्लेख आहेत.

उलट बाजूनंही फसगत होते. ‘द कॉन्ज्युरिंग’ला (२०१३) ‘आर’ मिळालं ते रक्तपातासाठी नव्हे, प्रामुख्यानं त्यातल्या दहशतीसाठी. जॉन कार्पेंटरच्या ‘हॅलोवीन’मध्ये (१९७८) रक्त जवळजवळ दिसतच नाही, तरी तोही ‘आर’. अक्षर फक्त उंबरठा सांगतं, आत काय आहे ते सांगत नाही. त्यासाठी प्रमाणपत्राच्या शेजारी बारीक अक्षरांत दिलेलं कारण वाचायचं. भारतात आता ‘यूए’चेही ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. चित्रपटगृहांसाठी ही विभागणी २०२४च्या नियमांनी आली, ओटीटीवर २०२१पासूनच होती. ‘यूए १६+’ दिसलं तर दहा वर्षांच्या मुलासमोर तो लावू नका.

अधिक तपशील हवा असेल तर आयएमडीबीवरचं ‘पॅरेंट्स गाइड’ आणि ‘कॉमन सेन्स मीडिया’ या दोन ठिकाणी कोणत्या प्रसंगात काय दिसतं ते नेमकं लिहिलेलं असतं. कुत्र्या-मांजराला काही झालेलं ज्यांना सोसत नाही, त्यांच्यासाठी ‘डझ द डॉग डाय’ ही साइट आहे. मुलांसाठी निवडताना ती अवश्य उघडावी, कारण पडद्यावरची दहा माणसं मेली तरी न रडणारं मूल एका कुत्र्यासाठी रात्रभर रडू शकतं.

ॲनिमेशन म्हणजे लहान मुलांचं, असं समजणं

‘कोरलाइन’ (२००९, १०० मिनिटं) हा अप्रतिम सिनेमा आहे, पण पाच वर्षांच्या मुलासाठी तो नाही. त्यात दाराआडच्या जगातली ‘दुसरी आई’ कोरलाइनच्या डोळ्यांवर बटणं शिवायला निघते. सुई, दोरा आणि दोन काळी बटणं छोट्या डबीत पुढे करून ती अगदी प्रेमानं बोलते. मोठ्यांना त्यातली कल्पकता भावते, लहान मुलाला मात्र एवढंच कळतं की आईसारखी दिसणारी बाई आई नाही. या वयात याहून मोठी भीती नसते. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना तोच सिनेमा जन्मभर आठवेल इतका आवडतो.

‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’ (१९९३) ७६ मिनिटांचा आहे आणि गाण्यांमुळे हलका वाटतो. शेवटाकडे ऊगी बूगी या खलनायकाचं पोत्याचं अंग उसवून आतून किड्यांचा ढीग बाहेर पडतो, तेवढं लक्षात ठेवावं. ‘मॉन्स्टर हाउस’मध्ये (२००६) घरच माणसं गिळतं, त्यामुळे आठ वर्षांखाली नको. चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘इट्स द ग्रेट पम्पकिन, चार्ली ब्राउन’ (१९६६, २५ मिनिटं) किंवा ‘रूम ऑन द ब्रूम’ (२०१२, अर्ध्या तासाच्या आत) पुरे. पूर्ण लांबीचाच हवा असेल तर ‘वॉलेस अँड ग्रोमिट: द कर्स ऑफ द वेअर-रॅबिट’ (२००५, ८५ मिनिटं). त्याला अमेरिकेत ‘जी’ (सर्वांसाठी) प्रमाणपत्र आहे, आणि त्यातला राक्षस माणसं नव्हे, भाज्या खातो.

‘किती भीतीदायक?’ एवढंच विचारणं

भीती एका जातीची नसते. कोणती भीती कोणाला झेपते हे कळलं की निवड फार सोपी होते.

एक दचकण्याची भीती: शांतता, मग अचानक मोठा आवाज. घोळक्यात बघायला ही मजेची, कारण दचकल्यावर सगळे हसतात. ‘अ क्वाएट प्लेस’ (२०१८, ९० मिनिटं, पीजी-१३) या जातीचा. मात्र त्यात शांतता हाच कथेचा प्राण आहे. चिप्सची पाकिटं फोडत, गप्पा मारत तो बघितला तर काहीच हाती लागत नाही.

दुसरी धास्तीची. पडद्यावर फारसं काही घडत नाही, पण पोटात गोळा येतो. ‘द अदर्स’ (२००१, पीजी-१३) यातला उत्तम आणि जवळजवळ रक्तविरहित. भयपट कधीच न बघितलेल्या मोठ्या माणसासाठी पहिली पायरी म्हणून याच्यासारखा दुसरा नाही. ‘द विच’ही (२०१५) याच जातीचा, पण १६३०च्या दशकातली इंग्रजी आहे, त्यामुळे सबटायटल लावल्याशिवाय बसू नका. पार्टीत असले सिनेमे हमखास पडतात. चाळीस मिनिटांनी सगळे फोन काढतात, आणि त्यात दोष सिनेमाचा नसतो.

तिसरी किळसेची: चिरफाड, जखमा. इथे विनोदाचं लेबल फसवतं. ‘शॉन ऑफ द डेड’ (२००४) हसवतो खरा, पण त्यात एका माणसाची आतडी बाहेर काढली जातात. ‘हॉरर-कॉमेडी आहे, लाव’ असं म्हणण्यापूर्वी हे आठवावं.

चौथी भीती आपल्या माणसांना गमावण्याची, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. ‘द बाबाडूक’मधली (२०१४) आई विधवा आहे आणि एकटीनं मूल वाढवून थकली आहे. ‘हेरेडिटरी’ (२०१८, १२७ मिनिटं) घरातल्या मृत्यूनं सुरू होतो आणि पुढे फार खोल जातो. दोन्ही मोठ्या ताकदीचे सिनेमे आहेत. घरात नुकतं कोणी गेलं असेल किंवा कोणी नुकतीच बाळंतीण असेल, तर यातला एकही त्या रात्री लावू नका. भुताखेतांना न घाबरणारी माणसं इथे मोडून पडतात.

कॅमेरा हलणाऱ्या सिनेमांचं आणखी वेगळं. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९) बघताना बस लागणाऱ्या माणसाला मळमळतं. अशांनी पडद्यापासून लांब बसावं आणि खोलीत एक दिवा लावून ठेवावा.

आठवणीवर भिस्त ठेवणं

‘होकस पोकस’ (१९९३, ९६ मिनिटं) नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना गोड आठवतो. गाणी, झाडू, बोलणारं मांजर. सुरुवात मात्र आठवत नाही: १६९३च्या सेलममध्ये चेटकिणी एका लहान मुलीचा प्राण शोषून घेतात आणि ती मरते. पुढे नायक ‘व्हर्जिन’ असल्याचा विषय सिनेमाभर पुन्हा पुन्हा निघतो, आणि आठ वर्षांचं मूल त्याचा अर्थ विचारतंच. सिनेमा टाळायचं कारण नाही, उत्तर तयार ठेवायचं. आपण बघितलेल्या सिनेमाचीही पहिली दहा मिनिटं आणि शेवटची वीस आधी एकट्यानं बघावीत. सर्वांत भीतीदायक भाग बहुधा याच दोन तुकड्यांत असतो. ट्रेलरवरून अंदाज बांधू नका. सगळे दचके दोन मिनिटांत कोंबल्यामुळे तो वेगळंच काही सांगतो.

नाव तेच, सिनेमा भलताच

नुसत्या ‘हॅलोवीन’ या नावाचे तीन सिनेमे आहेत: १९७८चा मूळ, २००७चा रॉब झॉम्बीचा कितीतरी क्रूर पुनर्निर्माण, आणि २०१८चा, जो मधले सगळे भाग बाजूला ठेवून थेट १९७८ची गोष्ट पुढे नेतो. ज्यांनी एकही पाहिलेला नाही त्यांनी १९७८चा (९१ मिनिटं) आणि मग २०१८चा, एवढे दोनच बघावेत. ‘हॅलोवीन ३’मध्ये (१९८२) आधीच्या भागांतला मुखवटेवाला खुनी मायकल मायर्स नाहीच. ती पूर्ण वेगळी कथा आहे, आणि तिच्यात मुलांचे मुखवटेच त्यांचा जीव घेतात. ‘द विचेस’ १९९०चा आणि २०२०चा, ‘सस्पिरिया’ १९७७चा आणि २०१८चा, हेही असेच घोळ. शोधताना नावासोबत साल टाका आणि प्ले दाबण्यापूर्वी लांबी पडताळा. फुकटच्या ॲपवर चुकीचा चालू झालाय हे मिनिटांच्या आकड्यावरून लगेच कळतं.

जुन्या सिनेमाची हाती लागेल ती प्रिंट लावणं

‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) अमेरिकेत कोणाच्याच मालकीचा राहिला नाही, कारण नाव बदलताना पडद्यावरची कॉपीराइटची ओळ गळून पडली. त्यामुळे तो सगळीकडे फुकट मिळतो आणि बऱ्याच ठिकाणी धुरकट, कापलेल्या रूपात मिळतो. ‘रिस्टोर्ड’ (म्हणजे दुरुस्त करून स्वच्छ केलेली) असं लिहिलेली आवृत्तीच शोधा.

‘नोस्फेराटू’च्या (१९२२) बाबतीत तर प्रिंट चुकली की गोष्टच मोडते. तेव्हा रात्रीचं चित्रीकरण जमत नसे. रात्रीचे प्रसंग दिवसाउजेडी टिपले आणि मग फिल्मला निळा रंग दिला. निळं म्हणजे रात्र, हे प्रेक्षकाला कळत असे. रंग न दिलेली काळी-पांढरी प्रत लावली तर रक्तपिपासू काउंट शवपेटी काखोटीला मारून भर उन्हात गावातून चालताना दिसतो, आणि शेवटी सूर्यप्रकाशानंच तो मरतो तेव्हा बघणाऱ्याला काहीच कळत नाही. रंगीत छटांची प्रत घ्या. तिच्यात ती रात्र पुन्हा रात्र होते.

वेळेचा हिशेब न करणं

अमेरिकेत त्या दिवशी मुलं दारोदार फिरून साडेसात-आठला परततात, दमलेली आणि चॉकलेटं खाऊन तरारलेली. तेव्हा दोन तासांचा सिनेमा लावला तर शेवट कोणीच बघत नाही. तासाभराच्या आतलं काही लावा आणि मोठा सिनेमा आधीच्या शनिवारी दुपारी उरका. दुपारचा उजेड लहानांची निम्मी भीती घालवतो. दिवाळीही याच सुमारास येते. २०२४मध्ये तर ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती, म्हणजे पहाटे अभ्यंगस्नानाला उठलेली मुलं रात्री हॅलोवीनला. अशा वर्षी पंचवीस मिनिटांचा चार्ली ब्राउनच बरा.

चित्र काळंकुट्ट, संवाद ऐकू येत नाहीत

अंधाऱ्या प्रसंगात काहीच दिसत नसेल तर आधी टीव्हीचा ऊर्जाबचतीचा मोड आणि आपोआप उजेड कमी-जास्त करणारी सोय बंद करा. चित्राचा मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ ठेवा. खोली पूर्ण काळी करण्यापेक्षा टीव्हीच्या मागे एक मंद दिवा लावा, डोळ्यांना काळ्यातला फरक नीट कळतो. चित्र मालिकेसारखं गुळगुळीत दिसत असेल तर एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’, सॅमसंगवर ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’ बंद करा.

संवाद पुटपुटल्यासारखे आणि किंकाळी कान फाडणारी, याचं कारण बहुतेक वेळा ५.१ (म्हणजे सहा स्पीकरांसाठी केलेला) आवाज दोन स्पीकरवर वाजतोय हे असतं. ऑडिओमध्ये ‘स्टिरिओ’ निवडा, साउंडबारवर ‘नाइट मोड’ लावा. सबटायटल ‘सीसी’ किंवा ‘एसडीएच’ (ऐकू न येणाऱ्यांसाठी आवाजांचंही वर्णन असलेलं) नको. त्यात दार करकरण्याआधीच ‘दार करकरतं’ असं लिहून येतं.

मूल घाबरलंच तर

आधी आवाज कमी करा, मग दिवा लावा. चित्रापेक्षा आवाजच जास्त घाबरवतो. ‘हे खोटं आहे’ हे पाच वर्षांच्या मुलाला सांगून उपयोग होत नाही. त्याला कुशीत घ्या, दूध द्या, दुसरं काही लावा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मात्र समजावता येतं. त्याला विचारून शेवटाकडे पुढे न्या आणि सगळं ठीक झालेलं दाखवा. अर्धवट सोडलेली गोष्ट ते अंथरुणात मनानंच पुरी करतं, आणि बहुधा वाईटच.

दुसऱ्या दिवशी उजेडात पडद्यामागचं दाखवा. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधली चेटकीण झालेल्या मार्गारेट हॅमिल्टन १९७५मध्ये ‘मिस्टर रॉजर्स नेबरहूड’ या मुलांच्या कार्यक्रमात आल्या आणि चेटकिणीचा काळा पोशाख मुलांसमोर एकेक करत अंगावर चढवला. ‘कोरलाइन’साठीही असंच करता येतं. तिचा बाहुलीच्या मापाचा चिमुकला स्वेटर तारेसारख्या बारीक सुयांवर हातानं विणलेला आहे, आणि तो विणतानाची चित्रफीत इंटरनेटवर मिळते. ती मुलाला मांडीवर घेऊन बघा, आणि घरात लोकर असेल तर दोन टाके त्यालाही घालू द्या.