लिव्हिंग विल मुंबईत कसं करायचं

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधल्या हल्ल्यानंतर कधीच भानावर आल्या नाहीत. तिथल्या परिचारिकांनी त्यांना २०१५ पर्यंत जपलं. त्यांचं अन्न थांबवू द्यावं ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली फेटाळली तेव्हा रुग्णालयात आनंद झाला, बाहेर अनेकजण हळहळले. दोन्ही बाजू अरुणांसाठीच भांडत होत्या, पण खुद्द त्यांचा शब्द कुठेच लिहिलेला नव्हता. तुमचा शब्द मात्र आज तुम्ही लिहून ठेवू शकता. बोलता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारा कागद म्हणजे लिव्हिंग विल. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने त्याला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ ला त्याची प्रक्रिया सोपी झाली. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणं आजही गुन्हाच आहे. इथे प्रश्न आहे तो निरर्थक उपचार थांबवण्याचा.

कागदाआधी घरात बोला. 'आईला आम्हीच मारलं', 'पैसे वाचवले म्हणतील' हे दोन विचार मुलांना आयसीयूबाहेर गोठवून टाकतात, आणि मग कोणीच निर्णय घेत नाही. मुलांच्या खांद्यावरून हा भार उतरवणं हे या कागदाचं सर्वात मोठं काम आहे. तुमच्या वतीने बोलणारी माणसं एकापेक्षा जास्त नेमता येतात. त्यातलं एक तरी मुंबईत राहणारं हवं, आणि परदेशातून धावत आलेला भाऊ 'सगळं करा' म्हणाला तरी तुमच्या म्हणण्यावर ठाम राहणारं हवं. सर्वात लाडकं माणूस यासाठी योग्य असेलच असं नाही.

सगळ्यात जास्त चुका मजकुरात होतात. 'मला नळ्या लावू नका' एवढंच लिहिलेला कागद आयसीयूत उपयोगी पडत नाही. न्यूमोनियात चार दिवस व्हेंटिलेटर लावून माणूस बरा होऊन घरी येऊ शकतो, तो नाकारायचा आहे का? अस्पष्ट निर्देश (म्हणजे या कागदातली सूचना) डॉक्टरांवर बंधनकारक नसतो. म्हणून आधी परिस्थिती लिहा, मग उपचार. उदाहरणार्थ: 'आजार बरा होण्याची आशा नाही असं डॉक्टरांनी ठरवलं आणि मला निर्णय सांगता येत नसेल, तर व्हेंटिलेटर, डायलिसिस, सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं) आणि नाकातून अन्न देणारी नळी सुरू करू नये, सुरू असल्यास काढावी. वेदना आणि धाप कमी करणारी औषधं शेवटपर्यंत द्यावीत.' शेवटचं वाक्य गाळू नका. उपचार थांबवले म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडलं, ही भीती नातेवाइकांच्या मनात त्यानेच कमी होते. परिणाम समजून लिहिलं आहे आणि निर्देश कधीही रद्द करता येईल, हेही नमूद करा.

सही दोन साक्षीदारांसमोर करायची. ते शक्यतो घराबाहेरचे, वारसाहक्काशी संबंध नसलेले असावेत. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन. २०१८ मध्ये दंडाधिकाऱ्यांची सही लागत असे, ती अट आता नाही. मुद्रांक कागदाची अट न्यायालयाने घातलेली नाही.

एकेक प्रत नेमलेल्या माणसांना आणि फॅमिली डॉक्टरांना द्या. एक प्रत महापालिकेकडे. डॉ. निखिल दातार यांच्या जनहित याचिकेनंतर महाराष्ट्रात या प्रती सांभाळणारे अधिकारी नेमले गेले. तुमच्या वॉर्ड ऑफिसच्या आरोग्य विभागात चौकशी करा आणि पोच घ्या. रुग्णालयाला कागद खरा आहे का याची खात्री करावी लागते, तेव्हा ही प्रत कामी येते. मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका, रात्री दोन वाजता ती मिळणार नाही.

वेळ आली की रुग्णालय प्राथमिक मंडळ बसवतं: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. त्यांनी होकार दिला की दुसरं मंडळ. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि नवे दोन तज्ज्ञ. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. तुम्ही नेमलेल्यांची संमती लागते, आणि अंमल करण्याआधी रुग्णालय प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. नातेवाइकांनी पहिल्याच दिवशी 'मंडळ कधी बसेल?' असं लेखी विचारावं, नाहीतर दिवस नुसते जातात. मंडळाने नकार दिला तर मुंबई उच्च न्यायालयात जाता येतं. कागद नसेल तरी कुटुंबाच्या संमतीने हीच दोन मंडळं निर्णय घेऊ शकतात, फक्त तेव्हा वाद घरातच पेटतो.

मत बदललं तर लेखी रद्द करा. दोन कागद निघाले तर शेवटी सही केलेला ग्राह्य धरतात. तरी जुन्या प्रती वॉर्ड ऑफिससकट सगळीकडून परत मागवा.